भैरोबाच्या मिशा

जुनी धातूची वस्तू समोर आली की माणसाच्या नखांना खाज सुटते. शिकलेला असो की अडाणी, पहिली उडी ओरखडा काढण्याकडेच. सोनार कसोटीचा दगड काढतो, तांबट भट्टीकडे बघतो आणि प्रोफेसर पेनच्या टोपीनं कडेला जरा खरवडून 'हं' म्हणतात. त्या 'हं'मध्ये त्यांना काय कळतं, देव जाणे. वस्तूला इजा न करता तिच्याकडून माहिती काढायला थोडा वेळ आणि थोडं डोकं लागतं, आणि या दोन गोष्टी खर्च करायची वेळ आली की आपल्याकडच्या थोरामोठ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात.

हे सगळं मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर असताना शिकले. दुष्काळाचं वर्ष होतं. इतिहास विभागाचे प्रमुख एका सकाळी आमच्या लॅबमध्ये आले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, आणि आपल्याला आडनावाची गरज उरली नाही याचा त्यांना फार अभिमान होता. एरवी फिजिक्सच्या मजल्यावर ते फिरकतही नसत.

"तिसगावच्या पुढे एका गावात भैरोबाचा मुखवटा उघडा पडलाय," ते म्हणाले. "फार प्राचीन असावा. पण गाववाले ओरखडा काढू देत नाहीत. नुसती चिमूटभर भुकटी हवी होती तपासायला, तर कानस म्हटल्यावर अंगावर आले. तुमच्याकडे एखादं यंत्र असेल ना?"

"कसलं यंत्र, सर?"

"असंच. समोर धरलं की सांगणारं."

मी त्यांना लॅबमधला मोठा तराजू दाखवला आणि म्हणाले, याच्या जोडीला दोरा आणि बादलीभर पाणी लागेल. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. वजनात जो फरक पडतो त्यावरून ती पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं, आणि त्यावरून धातूचा बराचसा अंदाज येतो. देवाला ओरखडा नाही, डाग नाही, फक्त एक अंघोळ. सरांचा चेहरा पडला. बादली त्यांच्या शोधनिबंधात शोभणार नव्हती.

तरी गेलो. जीप सरांनी मिळवली, तराजू मी मांडीवर घेतला. पाथर्डी रस्त्याला दोन्ही बाजूंना जमीन तव्यासारखी पडली होती आणि जागोजागी दुष्काळी कामावर बायामाणसं माती वाहत होती. सर वाटभर मला प्राचीन धातूच्या अंगावर चढणाऱ्या हिरव्या थराबद्दल सांगत होते. तो थर म्हणजे वस्तूचं वय, तिचा इतिहास, त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. ऐकायला बरं वाटत होतं.

देवळात पोचलो तर भैरोबा ताटात लखलखत होता. अगदी नव्या कळशीसारखा.

"चिंच आन राख लावून घासून घेतला," पुढं होऊन सोसायटीचे चेअरमन म्हणाले. "तुमी पाव्हनं मोठ्या गावचं. असा काळाहिरवा देव कसा दावायचा तुमाला?"

सर पायरीवर खाली बसले. जो थर वाचायला ते आले होते तो देवळामागच्या राखेत गेला होता. मला हसू आलं आणि संतापही आला. सण आला की तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासायची, पाहुणे आले की देवही घासायचा. आता यांना काय बोलणार?

मग चेअरमननी सगळी हकिगत सांगितली. ते गावचे न्यायाधीश, वकील आणि फिर्यादी असे तिन्ही एकटेच होते, त्यामुळे हकिगत लांबली. मी थोडक्यात सांगते. या भैरोबाला पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर लावत आले होते. थरावर थर चढून देवाचं तोंड परातीएवढं झालं होतं. त्या शेंदरातच चांदीचे डोळे बसवलेले आणि शेंदराच्याच भरघोस मिशा वळलेल्या. दुष्काळात माणसांना फोडणीला तेल मिळेना, तर देवाला कुठून मिळणार? शेंदूर वाळला, तडकला आणि एका दुपारी सगळं कवच एकसंध गळून खाली आलं. आत तळहातापेक्षा थोडा मोठा, काळाहिरवा, मिटल्या ओठांचा एक शांत चेहरा निघाला. त्याला मिशा नव्हत्या.

"आमच्या भैरोबाला मिशा हाईत," चेअरमन म्हणाले. "सगळ्या गावानं बघितल्यात. ह्यो बिनमिशीचा आमचा देव न्हाई. आमचा पंचधातूचा हुता. त्यो कुनीतरी इकला आन ह्यो बाजारातला पितळंचा आनून बसिवला."

हे 'कुनीतरी' कोण, ते विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना देवळाबाहेरच्या ओट्याकडे वळल्या. तिथं एक म्हातारी बसली होती. गावातलं गुरवाचं एकच घर, त्यातही ही एकटीच उरलेली. नवरा गेल्यापासून देवाची पूजा, दिवाबत्ती तीच करायची. मुलगी शेवगावला दिलेली. गाभाऱ्यात दुसरं कुणी जात नसे, म्हणून चोर तीच. चेअरमननी गाभाऱ्याला आपलं कुलूप घातलं होतं. देव बदलल्याचं सिद्ध झालं की तिला पोलिसात द्यायची आणि गुरवकी काढून घ्यायची, असं गावानं ठरवलं होतं.

ते सिद्ध होण्याची वाट मात्र कुणीच बघत नव्हतं. ती पाझर तलावाच्या कामावर जायची. तिथं मातीनं भरलेली पाटी एका बाईनं दुसरीच्या डोक्यावर चढवून द्यायची असते. हिला कुणी हात लावेना. मग ही अर्धीच पाटी भरायची, म्हणजे आपली आपण उचलता येते, आणि मुकादम तिला कामचुकार म्हणायचा. देव विकणारीची पाटी उचलली तर पाप लागतं, असा नवा धर्म या लोकांनी काढला होता. मला हे तिनं सांगितलं नाही. तिच्याबरोबर कामावर जाणाऱ्या बायांनीच सांगितलं, आणि तेही मोठ्या तोऱ्यात.

"मावशी, मी देव तोलायला आलेय," मी तिला म्हणाले.

"तोला बाई. म्या न्हाई इकला." आणि लगेच पुढं म्हणाली, "पन तेवढं देवाच्या खोळीचं बघा की. नदीत सोडायची ऱ्हायलीय, आन नदीला पानीच न्हाई."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सर टाचण काढण्यात गुंतले होते, चेअरमन बादली कुणाच्या घरून आणायची यावर हुकूम सोडत होते आणि मी तराजूची दांडी समतोल करत होते.

पाणी मिळवायलाच अर्धा तास गेला. टँकरचं पाणी होतं, प्रत्येक घरानं तांब्या तांब्या ओतलं. भैरोबाला दोऱ्यानं बांधून मी हवेत तोललं, मग बादलीत लोंबकळत ठेवून तोललं. गाव श्वास रोखून बघत होतं. मी आकडेमोड केली. पितळ नव्हतं, एवढं नक्की. पितळ इतकं जड भरत नाही. हे तांबं होतं, त्यात बहुधा थोडं कथील मिसळलेलं. बाजारात आता असलं ओतकाम कुणी करत नाही, असंही मी सांगितलं.

"तांब्याचा हाय म्हंजी खोटाच की!" चेअरमन म्हणाले. "आमचा पंचधातूचा हुता."

"पंचधातूचा होता हे कशावरून?"

"सगळं गाव म्हनतंय."

म्हणजे पितळ निघालं असतं तर म्हातारी चोर, तांबं निघालं तरी म्हातारी चोर. माझ्या तराजूला तिसरं पारडं असतं तर ते मी या माणसाच्या डोक्यात घातलं असतं. पण खरा कहर पुढं झाला. बादलीतलं पाणी फेकणार कोण? देवाच्या अंघोळीचं पाणी, म्हणजे तीर्थ. बायामाणसांची रांग लागली, आणि रांगेत पहिला हात चेअरमनचा. देव खोटा आहे असं दहा मिनिटांपूर्वी खणखणीत आवाजात सांगणाऱ्या माणसानं त्याच देवाचं तीर्थ डोळे मिटून घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. ओट्यावरच्या म्हातारीपर्यंत बादली गेलीच नाही.

नगरला परतताना सर खुशीत होते. तांबं, कथील, प्राचीन ओतकाम, एवढं त्यांना पुरेसं होतं. मी म्हातारीचं काय असं विचारलं तर म्हणाले, "ते गावचं राजकारण. आपण शास्त्रापुरतं बघायचं." राजकारण या शब्दाखाली आपल्याकडे काय काय झाकतात, याची मला तेव्हापासून चीड आहे. शिवाय शास्त्रापुरतं म्हटलं तरी काम अपुरंच होतं. तो चेहरा कशाचा बनलेला आहे ते तराजूनं सांगितलं होतं, पण तो त्या शेंदराखाली आधीपासून होता की नाही ते तराजू कसं सांगणार? आणि म्हातारीचा जीव अडकला होता तो दुसऱ्या प्रश्नात.

सरांना मात्र यंत्राची हौस राहिली होती. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे एक्स-रे मशीन होतं. वस्तूला हात न लावता आतलं बघायचं, मग एक्स-रेसारखं दुसरं काय, असं म्हणून त्यांनी भैरोबाला नगरला बोलावलं. देव एस.टी.नं आला. चेअरमनच्या मांडीवर, कोऱ्या धोतरात गुंडाळून, सोबत चार माणसं. कंडक्टरनं देवाचं तिकीट मागितलं नाही म्हणून चेअरमन सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. दवाखान्यात हातपाय मोडलेल्यांच्या रांगेत बाकावर देव ताटकळला. प्लास्टर घातलेल्या एका पैलवानानं त्याच्या पाया पडून घेतलं.

मी डॉक्टरांना आधीच म्हणाले होते की, हे मशीन हाडामांसासाठी आहे, एवढ्या जाड तांब्यातून त्याचे किरण पार होणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, बघू तर खरं. फिल्म धुऊन आली. काळ्या पाटीवर मुखवट्याच्या आकाराचा एक पांढरा ठिपका. ना नाक, ना डोळे. चेअरमननी फिल्म उजेडाकडे धरली आणि निकाल दिला.

"बघा, आत काहीच न्हाई. देवपन असतं तर दिसलं नसतं का?"

त्यावर सरांनी मान डोलावली. विनोदानं डोलावली असेल, पण डोलावली. मला त्या दोघांच्यात निवड करता आली नाही. एकाला देवात काही दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला माणसात.

मी ती फिल्म घरी नेली आणि खिडकीला लावून बघत बसले. पांढरा ठिपका. आतलं काही दिसत नव्हतं, दिसत होती ती फक्त बाहेरची कड. डाव्या कानाजवळ ती कड किंचित तुटलेली होती. कानाचा टवका उडालेला. मुखवटा हातात असताना मी तो पाहिला होता, पण पाहून सोडून दिला होता. ती तुटकी कड बघता बघता माझ्या कानात म्हातारीचं बोलणं वाजलं. खोळ नदीत सोडायची राहिलीय.

खोळ म्हणजे ते कवच! एवढ्या चेहऱ्यावर पिढ्यान् पिढ्या बसलेलं कवच. आतून ते काय असणार? साचाच असणार. देव शंभर वेळा बदलता येईल, पण त्याच्यावर वाळलेल्या शेंदराची आतली बाजू कोण बदलणार? गळलेला शेंदूर वाहत्या पाण्यात सोडायचा हा रिवाज, आणि नदी कोरडी ठणठणीत. पाणी असतं तर तिच्या बाजूचा एकमेव साक्षीदार तिनंच हळदकुंकू वाहून बुडवला असता.

पुढच्या रविवारी मी एकटीच एस.टी.नं गेले. सरांना कळवलं नाही. म्हातारीच्या घरात कोपऱ्यात टोपल्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून ते कवच ठेवलेलं होतं. रोज त्याच्यापुढं दिवा लावत होती. गाभाऱ्याला कुलूप घातलं तरी तिचं काम तिनं सोडलं नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी उचलून उलटं केलं.

आत चेहरा होता. खोलगट, उलटा, पण चेहरा. मिटलेले ओठ, सरळ नाक, आणि कानाच्या जागी टवक्याचा उंचवटा. आणि गालांच्या जागी हिरवा रंग शेंदरात खोल मुरलेला. चेअरमननी चिंच लावून देवाच्या अंगावरून जे धुऊन काढलं होतं, ते इथं आत जसंच्या तसं शाबूत होतं. तांब्याला हिरवं व्हायला आणि ते हिरवं शेंदरात मुरायला किती काळ लागतो, हे त्या गावातल्या कुठल्याही बाईला तिच्या माळ्यावरच्या भांड्यांवरून कळलं असतं. मी खाली बसले आणि मला रडू आलं. इतका वेळ हे इथं टोपल्यात होतं, आणि आम्ही बादल्या आणि मशिनं घेऊन फिरत होतो.

"काय झालं बाई?" म्हातारी घाबरली. "फुटली का काय?"

संध्याकाळी कामावरचे लोक परतल्यावर देवळासमोर सगळ्यांना जमवलं. चेअरमननी गाभारा उघडला. मी आधी कवच उलटं धरून सगळ्यांना आतून दाखवलं, मग मुखवटा त्यात ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा तो आपणहून बसला. डब्याला त्याचंच झाकण बसावं तसा. कानाच्या टवक्यात उंचवटा नेमका शिरला. मी कवच हातोहाती फिरवायला दिलं. म्हातारी माणसं बोटांनी चाचपून बघत होती. बायांनी हिरवा डाग बघितला आणि एकमेकींकडे बघितलं.

"मंजी द्येव त्योच हाय," शेवटी चेअरमन म्हणाले.

मी वाट बघत होते. आता पुढचं वाक्य म्हातारीला उद्देशून येईल, असं मला भाबडीला वाटत होतं. चेअरमननी घसा खाकरला.

"पन मिशा न्हाईत. असा भैरोबा चालंल का गावाला?"

आणि सगळं गाव म्हणालं, नाही चालणार. जीव परत आल्यासारखं एका आवाजात म्हणालं. मिशा असलेला नवा मुखवटा नगरच्या तांबटाकडून करून आणायचा, असं तिथल्या तिथं ठरलं. जुना सरांच्या कॉलेजला देऊन टाकायचा. देव बदलल्याचा आळ घालून ज्यांनी एका बाईची पाटी उचलायची सोडली होती, ते आता हात वर करून देव बदलत होते, आणि आपण काय करतोय हे त्यांच्यातल्या एकाच्याही टाळक्यात शिरत नव्हतं. माफी तर सोडाच, गाभाऱ्याची किल्ली परत देतानाही चेअरमननी ती तिच्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि निघून गेले.

सरांना मुखवटा मिळाला. कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवून त्यांनी त्याच्याशेजारी आपला फोटो काढून घेतला. त्यांच्या लेखात एक्स-रेचा उल्लेख होता. बादलीचा नव्हता, कवचाचा नव्हता.

नवा मुखवटा बसवण्याच्या दिवशी मला निरोप आला. चेअरमनचा नव्हे, म्हातारीचा. येताना तराजू आणा, एवढाच. मी गेले. नवा भैरोबा पितळेचा, गुटगुटीत, डोळे वटारलेला, आणि मिशा अशा की त्यांना वेगळं ताट लागावं. वाजंत्री लागली होती. गुरवाशिवाय देव बसत नाही, म्हणून म्हातारीला मानानं बोलावलं होतं. ती मुखवट्याला हात लावेना.

"आदी तोला," ती म्हणाली.

"आता काय तोलायचं?" चेअरमन हसले. "नवाकोरा हाय. समद्यांच्या म्होरं आनलाय."

"त्यो जुना बी समद्यांच्या म्होरंच हुता. बाई, तोला. कशाचा हाय, केवढ्या वजनाचा हाय, सगळ्यांना वरडून सांगा. मंग बसिवते. उद्या ह्येच्या मिशा गळल्या तर मला इचारायचं न्हाई."

वाजंत्री थांबली. मी बादली मागितली आणि म्हातारीनं स्वतःच्या घरून स्वतःच्या वाट्याचं पाणी आणून ओतलं. मी देवाला दोऱ्यानं बांधलं, हवेत तोललं, पाण्यात तोललं आणि देवळाच्या पायरीवर उभी राहून वर्गात ओरडते तशी ओरडून सांगितलं की, हा पितळेचा आहे, साधं बाजारचं पितळ, आणि वजन एवढं एवढं. खाली मान घालून सगळ्यांनी ऐकून घेतलं. कामावरच्या त्या बायाही होत्या.

मग चेअरमननी सवयीनं तळहात पुढं केला. बादलीतलं पाणी म्हणजे तीर्थ.

म्हातारीनं बादली उचलली आणि त्यांच्या हातावरून पुढं नेली.

"आजून बसिवला न्हाई त्यो," ती म्हणाली. "आत्ता निस्तं पितळ हाय."

ओट्याच्या खांबाला तिची शेळी बांधलेली होती. तिनं बादली तिच्यापुढं ठेवली. शेळी पाणी पिईपर्यंत सगळं गाव आणि ताटातला देव थांबून राहिले, आणि चेअरमनचा तळहात बराच वेळ तसाच पुढं होता.